विक्रीसाठी नाही : इंदूरमधलं एक पुस्तक-प्रकरण

या प्रकरणातली दोन्ही माणसं हयात आहेत. लिहायला दोघांचीही हरकत नव्हती, फक्त नावं नकोत म्हणाले. म्हणून एकाला नुसतं लेखक म्हणतो आणि दुसऱ्याला विक्रेता. लेखक मराठीतले नावाजलेले कादंबरीकार, वय पंचाहत्तरीच्या पुढे. बालपण आणि कॉलेज इंदूरला, मग कायमचे पुण्याला. विक्रेता चाळिशीतला, इंदूरचाच मराठी माणूस. घरचं दुकान खजुरी बाजारात, शाळा-कॉलेजच्या पुस्तकांचं. जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते, एरवी माश्या मारायच्या. त्या रिकाम्या महिन्यांत जुनी मराठी पुस्तकं विकायला लागला आणि आता तोच त्याचा खरा धंदा झालाय. व्हॉट्सॲपचा ग्रुप, इन्स्टाग्रामवर फोटो, कुरिअर. ग्राहक बहुतेक पुणे, मुंबई, नागपूरचे.

मी इथल्या एका जुन्या मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे. दोघंही मला ओळखतात, म्हणून भांडण माझ्यापर्यंत आलं.

पोत्यातली पुस्तकं

हा माल येतो कुठून ते आधी सांगायला हवं, नाहीतर विक्रेता उगाच चोर वाटतो. लेखकालाही तो तसाच वाटला होता.

होळकरांच्या काळात नोकरी-व्यवसायासाठी मराठी कुटुंबं इंदूरला आली आणि इथलीच झाली. वाचणारी माणसं होती. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा साहित्य संमेलनं या गावात भरली. घरोघरी काचेची कपाटं होती आणि त्यात कादंबऱ्या, नाटकं, दिवाळी अंक. १९५६ साली इंदूर मध्य प्रदेशात गेलं, कारभार हिंदीत, पुढे शाळाही हिंदी नाहीतर इंग्रजी. आज तिसरी-चौथी पिढी घरात मराठी बोलते, पण पुस्तक हातात धरायचं म्हटलं की अडखळते. रामबागेतलं जुनं घर बिल्डरला द्यायची वेळ आली की आजोबांचं कपाट ही अडचण होऊन बसते. वाचनालयांत जागा नाही. उरतो अटाला, म्हणजे पुण्या-मुंबईकडचं भंगार-रद्दी.

अटालेवाला किलोवर घेतो, दहा-पंधरा रुपये. विक्रेत्यानं अशा काही अटालेवाल्यांशी सूत जमवलंय. मराठी पोतं आलं की त्याला फोन जातो. तिथे जाऊन तो पोतं कधीच उघडत नाही. दुप्पट-तिप्पट भावानं अख्खं उचलतो. "निवडायला बसलो तर कशाला रेट आहे ते त्याला कळेल नं," हे त्याचं उत्तर. घरी आणून उघडलं की बहुतेक माल परत रद्दीचाच निघतो: गाईडं, पानं गेलेली मासिकं, कसर लागून चाळण झालेले बांधीव खंड. उरलेल्या चार-दोन पुस्तकांवर बाकीच्या पोत्याचा खर्च काढायचा. बाहेरच्याला फक्त ती चार-दोन पुस्तकं आणि त्यांचे भाव दिसतात.

त्या चार-दोनांतही खोट असते. वाचनालयांनी आपल्याकडची पुस्तकं टिकावीत म्हणून जॅकेट काढून फेकली, रेक्झिनची बांधणी केली, पानापानावर शिक्के मारले. वाचकाच्या दृष्टीनं उत्तम, संग्राहकाच्या दृष्टीनं पुस्तक मेलं. दीनानाथ दलालांचं किंवा वसंत सरवट्यांचं मुखपृष्ठ शाबूत असलेली प्रत म्हणून तर महाग जाते. आवृत्तीचाही घोळ असतो. कुठे नुसतं पुनर्मुद्रण असताना 'दुसरी आवृत्ती' छापलेलं, कुठे सालच नाही, 'गुढीपाडवा' एवढंच, कुठे शके. शकात ७८ मिळवून इसवी सन काढायचा हे विक्रेत्याला आता झोपेतही येतं.

सहीची रांग

लेखकाचं व्याख्यान थंडीत होतं. संपल्यावर सहीसाठी रांग लागली. विक्रेता रांगेत, खांद्याला कापडी पिशवी. लेखक शिरस्त्याप्रमाणे प्रत्येकाला नाव विचारत होते. याची पाळी आली.

"काय लिहू?"

"नाव नको सर. नुसती सही द्या."

दुसऱ्या पुस्तकालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. चौथं पुस्तक पुढे आलं ते पहिल्याचंच भावंड, तीच कादंबरी. लेखकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एकाच कादंबरीच्या किती प्रती वाचता तुम्ही?"

"मी नाही सर. ग्राहक आहेत."

त्याला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. लेखकांनी प्रत ओढून घेतली, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलं, खाली सही, तारीख, इंदूर. आसपासची मंडळी हसली. विक्रेत्यानं प्रत नीट मिटून पिशवीत टाकली.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानं पिशवीच्या तळातून एक बारीक पुस्तक काढलं, जाड प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. सहीसाठी नव्हे, दाखवायला. लेखक खूश होतील अशी त्याची समजूत होती.

ते लेखकांचं पहिलं पुस्तक, कथासंग्रह. इंदूरच्याच एका छापखान्यात, मित्रांकडून पैसे गोळा करून छापलेलं. शके १८९१, म्हणजे १९६९. प्रती ५००, किंमत तीन रुपये. पुढे नाव झाल्यावर लेखकांनी ते कधी परत छापू दिलं नाही. आतल्या पानावर निळ्या शाईत त्यांचंच विशीतलं अक्षर: 'ज्यांनी पहिली गोष्ट बसून ऐकून घेतली त्या', आणि पुढे '…सरांना'. मधलं नाव ब्लेडनं खरवडलेलं. तिथे कागद इतका पातळ झाला होता की पान उचललं तर मागच्या ट्यूबलाइटचा उजेड आरपार दिसत होता.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"अटाल्यात, सर."

"चोरीचं आहे हे. नाव खोडून विकताय." हे मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. विक्रेता पुस्तक घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लेखकांचा मला फोन. पोलिसात तक्रार करायची होती.

खोडलं कोणी

इथे एक साधा हिशोब बघा. ज्याला पुस्तक विकायचंय तो हे नाव खोडेल का? नुसती सही असलेल्या प्रतीपेक्षा, लेखकानं आपल्या गुरूला, मित्राला, दुसऱ्या लेखकाला दिलेली नावाची प्रत कितीतरी पटींनी महाग जाते. सही कुणालाही मिळते, हे नातं एकाच प्रतीत असतं. विक्रेत्याच्या तोंडून सांगायचं तर, "नाव शाबूत असतं तर दुप्पट मागितले असते. मी काय वेडा आहे का खोडायला?"

पोतं कुठल्या घरातून आलं हे अटालेवाल्याला आठवत होतं. ते अर्पणातल्या सरांचंच घर होतं, मला माहीत होतं. नातवानं फोनवर सरळ सांगितलं: घर रिकामं करताना पुस्तकं दिली, पण आजोबांचं नाव रद्दीत फिरायला नको म्हणून जिथे जिथे दिसलं तिथे बायकोनं ब्लेडनं काढलं. त्या पोत्यांत लेखकांची सरांना आलेली पोस्टकार्डंही होती आणि एका कथेचं हस्तलिखित. त्यावर नाव नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

म्हणजे चोरी नव्हती. घराच्या मालकानं राजीखुशीनं विकलेला माल होता. लेखकांना हे कळवलं तेव्हा त्यांचा राग विक्रेत्यावरून उठून नातवावर जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. नातवाला ते एका शब्दानं बोलले नाहीत. सरांच्या घरानं आपलं पुस्तक किलोवर विकलं हे कबूल करण्यापेक्षा विक्रेत्याला दोष देणं सोपं होतं, असं माझं मत आहे.

बैठक

नंतर लेखक कामानिमित्त पुन्हा इंदूरला आले तेव्हा वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोघांना समोरासमोर बसवलं.

लेखकांचं गाऱ्हाणं पैशापासून सुरू झालं. चारशे रुपयांच्या कादंबरीवर त्यांना दहा-पंधरा टक्के मानधन मिळतं, म्हणजे चाळीस ते साठ रुपये. त्याच प्रतीवर सही झाली की विक्रेता वर दीडशे लावतो. पहिल्या पुस्तकाचं तर त्यांना काहीच मिळालं नव्हतं, उलट पदरचे गेले. आज त्याच प्रतीचे हा बारा हजार मागतो. ऐकायला हे अन्यायाचंच वाटतं. पण भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ या बाबतीत स्पष्ट आहे. एकदा विकली गेलेली छापील प्रत 'आधीच वितरणात असलेली' धरली जाते. ती पुढे कोणी, कितीला, कितव्यांदा विकावी यावर लेखकाचा हक्क चालत नाही. सहीनं त्यात काही फरक पडत नाही.

'विक्रीसाठी नाही' या शेऱ्यालाही कायद्यात काही वजन नाही. बाजारात मात्र होतं. सहीच्या बाकी प्रती साडेपाचशेला गेल्या आणि ती शेरा मारलेली प्रत तीन हजार दोनशेला. ग्रुपवर फोटो टाकल्याबरोबर तिघांनी मागितली होती. विक्रेत्यानं हे बैठकीत सांगितलं, तेही कौतुकानं. लेखक माझ्याकडे बघत राहिले.

मग आता सहीच करायची नाही, असं ते म्हणाले. यावर मी त्यांना कॉर्मॅक मॅकार्थींचं सांगितलं. २००६ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या कादंबरीच्या फक्त २५० प्रतींवर या अमेरिकन लेखकानं सह्या केल्या आणि त्या सगळ्या लहान मुलाच्या नावे ठेवल्या, मोठा झाला की त्यानं विकाव्यात म्हणून. टंचाई करायचीच तर तिचा फायदा घरात राहील असं बघणारा लेखक तो. आपल्याकडे लेखक टंचाई करतो आणि फायदा खजुरी बाजारात जातो. लेखकांनी आजवर जे जे केलं, पहिलं पुस्तक परत छापू दिलं नाही, शेरा मारला, त्या प्रत्येकानं भावच चढला होता.

पोस्टकार्डांची गोष्ट वेगळी होती आणि तिथे विक्रेत्याचं चुकलंच होतं. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पुढे ज्यानं तो रीतसर घेतला त्याचा. पण त्यावरच्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, हयातीत आणि नंतर ६० वर्षं. विक्रेत्यानं इन्स्टाग्रामवर एका कार्डाचा फोटो टाकला होता, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. त्यात लेखकांनी विशीतल्या तोऱ्यात एका समकालीन कवीची खिल्ली उडवलेली. कवी आता नाहीत, त्यांची मुलं आहेत. कार्ड विकायला हरकत नाही, मजकूर चव्हाट्यावर मांडायला आहे, हे सांगितल्यावर विक्रेत्यानं तिथल्या तिथे फोटो काढला. ही सीमा त्याला खरोखरच माहीत नव्हती. या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ती माहीत नसते.

हस्तलिखिताचं कलम निघालं तेव्हा दोघांनीही कान टवकारले. १९९४ च्या दुरुस्तीनं कायद्यात ५३अ हे कलम आलं. चित्र, शिल्प किंवा साहित्यकृतीचं मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत लेखकाचा किंवा वारसांचा वाटा असतो, जास्तीत जास्त दहा टक्के. फ्रान्सनं चित्रकारांसाठी असा हक्क १९२० मध्येच दिला, पण आजच्या युरोपीय नियमांत लेखकांची हस्तलिखितं बसत नाहीत. आपला कायदा इथे लेखकाला जास्त देतो, निदान कागदावर. वाटा किती हे ठरवायचं काम आधी कॉपीराइट बोर्डाकडे होतं, मग अपील मंडळाकडे, २०२१ मध्ये ते मंडळ गेल्यावर न्यायालयांकडे आलं. एवढ्याशा वाट्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? पण आकडा तरी आहे. मी कलम वाचून दाखवलं. विक्रेत्यानं दहा हजार हा आकडा वहीत टिपून घेतला.

पहिलं पुस्तक

एवढं बोलून झाल्यावर खरा विषय निघाला, तोही लेखकांच्या नव्हे, त्यांच्या प्रकाशकाच्या गरजेपोटी. समग्र कथांचा खंड काढायचा होता आणि प्रकाशकाला त्यात पहिला संग्रह हवा होता. लेखकांनी नाही-हो करत मान्यता दिली होती. पण पुस्तकच नव्हतं. त्यांची स्वतःची प्रत घरं बदलताना कधीच गेली. आमच्या वाचनालयाच्या नोंदवहीत नाव आहे, शेल्फावर पुस्तक नाही. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, पण मित्रांच्या वर्गणीतून छापलेलं पुस्तक कुणी पाठवणार? प्रकाशकानं चौकशी केली, कुठेच लागलं नाही. हाती लागण्यासारखी एकच प्रत होती आणि ती समोरच्या माणसाच्या पिशवीत होती.

लेखकांना हे बैठकीला येण्याआधीच माहीत होतं, असं मला आता वाटतं.

विक्रेता म्हणाला, "सर, तुम्ही परत छापलं की वाचायसाठी घेणारे गेले. मग माझ्याकडे फक्त पहिल्या आवृत्तीवाले उरतात." तक्रार नव्हती, धंद्याचं गणित होतं. स्कॅन करायला प्रत द्यायला तो तयार होता, पैसे नकोत म्हणाला. अट एकच घातली. जिथे नाव खरवडलंय त्याच्या खाली लेखकांनी ते पुन्हा लिहावं, आजची तारीख घालून.

लेखक बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. ही अट कशासाठी आहे हे त्यांना पुरतं कळलं होतं. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचं अर्पण आणि खाली त्याच हातानं भरून काढलेलं नाव, अशी प्रत मराठीत दुसरी असणं कठीण. नातवाला विचारायला हवं, असं मी म्हटलं. फोन लावला. तो म्हणाला, लिहा, आता सगळ्यांना माहीतच झालंय. लेखकांनी पेन मागितलं. निळ्या शाईचं नव्हतं, काळ्यानं लिहिलं. सरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याखाली 'पुन्हा', मग सही. कागद पातळ होता तिथे हात उचलून धरत होते.

ती प्रत स्कॅन होऊन परत आली आणि पंचवीस हजारांना गेली. खंड निघाल्यावर विक्रेत्याकडे त्या पुस्तकाची विचारणा कमी झाली हे खरं, पण या प्रतीला त्याचा धक्का लागला नाही.

पोस्टकार्डं लेखकांनी स्वतः विकत घेतली. घासाघीस होऊन चार हजारांना. आपलीच पत्रं पैसे मोजून घेताना त्यांनी जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. कवीची खिल्ली उडवलेलं कार्ड त्यांनी फाडलं की ठेवलं, हे मी विचारलं नाही.

या व्यवहारातून दोघांत मैत्री झाली म्हणावं तर तसंही नाही. लेखक अजून त्याला 'तो दलाल' म्हणतात आणि खंडाच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव येऊ दिलं नाही. 'इंदूर येथील एका संग्रहातील प्रतीवरून' एवढंच छापलंय. विक्रेत्यानं त्या ओळीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि तो एका संग्रहातील कोण हे सगळ्यांना सांगितलं. लेखक आता इंदूरच्या कार्यक्रमांत नाव लिहिल्याशिवाय सही देत नाहीत. विक्रेता ग्राहकांची नावं आधीच मागवून घेतो आणि रांगेत चिठ्ठी काढून वाचतो.

राहिलं हस्तलिखित. चौदा फुलस्केप पानं, एका बाजूनं लिहिलेली. ते बरेच दिवस विकलं गेलं नाही, कारण घेणाऱ्याला खात्री हवी आणि खात्री देऊ शकणारा माणूस एकच, ज्याला विचारायची विक्रेत्याची सोय नव्हती. शेवटी पुण्याच्या एका संग्राहकानं ते घेतलं आणि अक्षर आपलंच ना हे विचारायला लेखकांना पानांचे फोटो पाठवले. सोबत, कसं कोण जाणे, बिलाचाही फोटो गेला. लेखकांनी अक्षर आपलं असल्याचं कळवलं आणि बिल मला पुढे पाठवलं. त्यावर लिहिलं होतं: हस्तलिखित, ९,९०० रुपये. फोल्डर व पॅकिंग, ६,००० रुपये.

खाली लेखकांची एक ओळ होती: "फोल्डर चांदीचं दिसतंय."